पाणी भरून ठेव

यंदाही तो निरोप आला. गणपती जाऊन आठवडा झालेला, नवरात्राला अजून अवकाश, आणि मी नववीच्या वर्गात फळ्यावर महाराष्ट्राचा नकाशा काढत असताना खिशातला मोबाईल थरथरला. ‘वरच्या धरणातून सीना नदीपात्रात विसर्ग वाढवण्यात येत आहे. नदीकाठच्या नागरिकांनी सतर्क राहावे.’ वर क्युसेकचा आकडा. संपलं. यंदा पाणी पात्रातच राहिलं, ही सीनेची मेहेरबानी. निरोप मात्र गेल्या वर्षीचाच, काना-मात्रेचाही फरक नाही.

सतर्क राहावे! ह्या दोन शब्दांवर मी वर्षभर दातओठ खातो आहे. सतर्क राहायचं म्हणजे नेमकं काय करायचं, हे पन्नाशी उलटून गेली तरी मला कळलेलं नाही. उभं राहायचं की बसायचं? दार लावायचं की उघडं टाकायचं? जनावर सोडायचं की त्याच्यापुढं वैरण टाकून यायचं? ज्यानं हे लिहिलं त्यानं स्वतः एकदा तरी सतर्क राहून पाहिलं असेल का? बायको म्हणते, “तुम्ही वर्गात ‘लक्ष द्या, लक्ष द्या’ म्हणून ओरडता, ते तरी काय वेगळं असतंय?” मी आणखी चिडतो.

मी भूगोलाचा मास्तर. सोलापुरातल्या एका शाळेत पंचवीस वर्षं एकच प्रश्न घालत आलोय : सोलापूर जिल्हा अवर्षणप्रवण आहे, कारणे लिहा. पोरं लिहितात. पर्जन्यछायेचा प्रदेश, ढग सह्याद्रीतच रिते होतात, वगैरे. पैकीच्या पैकी गुण. एका वर्षी एका मुलीनं लिहिलं होतं, ‘कारण आमचं नशीब.’ तिला मी भोपळा दिला. मी आयुष्यात दिलेल्या गुणांपैकी तेवढा तो भोपळा आजही मला बरोबर वाटतो.

दुष्काळ आम्हाला तोंडपाठ आहे. एका बादलीत आंघोळ, त्याच पाण्यात पायपुसणं, उरलं तर तुळशीला. भाजी धुतलेलं पाणी फेकणारी सून आमच्या गल्लीत नांदायला जड जाते. नळ चार-पाच दिवसांनी येतो. त्या दिवशी शहरात लग्न असो, मयत असो, घरातलं एक माणूस नळाशी असतं. पाहुणे येणार म्हटलं की आम्ही आधी नळाचा दिवस मोजतो आणि मग हसून ‘या की’ म्हणतो. हंडा भरताना आवाज कसा बदलत जातो हे आमच्याकडच्या लहान मुलालाही ठाऊक असतं. तळाशी ढोल, मध्यावर घुमारा, गळ्याशी आल्यावर बारीक शीळ. ती शीळ ऐकली की झोपेतलं माणूसही उठून दुसरा हंडा लावतं. आमची अव्वा, म्हणजे आई, शेवटच्या आजारात कुणाला ओळखत नव्हती, पण नळ आल्याचं मात्र तिला आमच्या आधी कळायचं. “आलं बघ,” म्हणून हाताची बोटं हलवायची. असं सगळं आम्हाला येतं. पूर मात्र आमच्या अभ्यासक्रमात नव्हता.

माझी धाकटी बहीण महानंदा. तिला दिलंय दक्षिण सोलापुरात, सीनेच्या काठच्या एका गावात. तिथं माणसं एका वाक्यात मराठीतून निघतात आणि कन्नडमध्ये पोचतात. ती मला अण्णा म्हणते. तिच्याकडं एक म्हैस होती, पंढरपुरी, शिंगं खांद्याच्या मागंपर्यंत गेलेली, रंगानं काळी कुळकुळीत आणि स्वभावानं माझ्यासारखी, म्हणजे खायला पुढं आणि हाकेला मागं. नाव रंभी. मागच्या मोठ्या दुष्काळात महानंदानं ह्या रंभीला घेऊन उन्हाळाभर चारा छावणीत मुक्काम केला होता. वर फाटकी ताडपत्री, खाली तापलेली माती, चहूकडं शेणाचा आणि सुकल्या उसाच्या वाढ्यांचा वास. मी एका रविवारी डबा घेऊन गेलो. टँकर आला तशी ती घागर घेऊन पळाली, आणि आणलेली पहिली घागर रंभीपुढं ओतली. मी म्हणालो, “अगं, भावाला तरी विचार.” म्हणाली, “तू हितनं जाऊन घरी पिशील की. तिनं कुटं जायाचं?”

ही बाई दुष्काळात एकही जनावर न गमावलेली बाई आहे. हे लक्षात ठेवा, कारण मी ते विसरलो होतो.

आमच्या घराण्यात गोष्टी सांगायचं काम माझ्याकडं आहे. कुणी सोपवलेलं नाही, मीच घेतलंय. बारसं, साखरपुडा, वर्षश्राद्ध, कुठंही जेवणं उरकली की कुणीतरी म्हणतं, “मास्तर, होऊ द्या एखादी,” आणि मी आढेवेढे न घेता सुरू होतो. गेल्या माघात चुलतभावाच्या नातवाचं बारसं होतं. शेंगापोळ्या झाल्या, पान झालं, आणि मी सीनेच्या पुराची गोष्ट काढली.

“सीनामाय निघाली दारात,” मी म्हणालो, “आणि आमची महानंदा काय करते? तर पाणी भरते! नळाला हंडा, हंड्याशेजारी घागर, घागरीशेजारी कळशी. शेजारीण ओरडते, अगं पळ! ही म्हणते, थांब गं, तेवढा ड्रम भरू दे, नळ परवाच्याला येतोय!” मी पदर खोचायची नक्कल केली, कमरेवर ड्रम कलता करायची नक्कल केली, आणि शेवटचं वाक्य टाकलं, “माणसं बुडताना काडी धरतात. आमच्या बहिणीनं बादली धरली!”

हशा असा उठला की पाळण्यातलं पोर दचकलं. एका आतेभावाला शेंगापोळीचा ठसका लागला. मी खूश. मग पाहिलं, स्वयंपाकघराच्या दारात महानंदा उभी होती. हातात ताट.

“लई झ्याक सांगतोस रे अण्णा,” ती म्हणाली. ताट खाली ठेवलं, पिशवी घेतली, आणि दुपारच्या एसटीनं गावी गेली.

त्यानंतर तिचा फोन नाही. मी केला तर दाजी उचलायचे, “हाय बरी,” म्हणायचे. नागपंचमीला ती आली नाही. लग्न झाल्यापासून पंचमीला भावाचं घर चुकवलं नव्हतं तिनं, बाळंतपणातसुद्धा नाही. बायको म्हणाली, “हसवायच्या नादात बहीण घालवलीत.” मी म्हणालो, “जरा गंमत केली, एवढं काय लावून घ्यायचं?” आणि हे म्हणताना मला नीट माहीत होतं की गोष्टीतला एक तुकडा मी सांगितलाच नव्हता.

तो असा. पुराच्या दिवशी सकाळी अकराला, मी शिक्षकखोलीत असताना, महानंदाचा फोन आला होता.

“अण्णा, मोबाईलवर आलंय बघ. ह्ये क्युसेक मंजे काय असतंय?”

भूगोलाच्या मास्तराला असा प्रश्न विचारणं म्हणजे बैलाला पेंड दाखवणं. मी ताठ बसलो. “एका सेकंदाला एक घनफूट पाणी. म्हणजे अठ्ठावीस लिटर आणि वर थोडं.”

“आपल्या बादल्या किती?”

“दोन धर.”

“आन हितं तर कितीतरी हजार लिवलंय.”

“हं.”

“मग पाणी कुटवर येतंय?”

ह्या प्रश्नाशी माझं ज्ञान संपलं. पुस्तकात घनफूट होतं, सेकंद होता. महानंदाच्या घराची पायरी नव्हती. मला सांगता आलं असतं की माहीत नाही. पण शिक्षकखोलीत चार लोक ऐकत होते आणि माहीत नाही म्हणायची मला सवय नाही. मी म्हणालो, “तुमचं घर नदीपासून लांब आहे, घाबरू नको. पण आता लाईट जाणार. नदीकाठची मोटर बुडणार. चार दिवस नळाला थेंब यायचा नाही. तू बाकीचं सोड. आधी पाणी भरून ठेव.”

“व्हय, त्ये बी खरंच की,” ती म्हणाली.

मी फोन ठेवला आणि चहा घेतला. चांगला झाला होता चहा.

ती दोन-अडीच तास पाणी भरत होती. घरातली भांडी, मग तीन निळे ड्रम. भावानं सांगितलं म्हणून, भाऊ मास्तर म्हणून, आणि सल्ला ऐकायला शहाणा होता म्हणून. गाव तेवढ्यात नदीकडं तोंड करून उभं होतं. जो तो पाणी घाटाच्या कितव्या पायरीला लागलं ते बघत होता. पाणी आलं मागून. घरांच्या पाठीमागं ओढा आहे. वर्षानुवर्षं कुणी बांध पुढं सरकवला, कुणी रस्त्यासाठी दोन नळ्या टाकून भराव केला, आणि ओढ्याची पार गटार झाली होती. नदी फुगली, तिनं ओढ्याचं पाणी घेतलं नाही, उलट आपलंच त्याच्यात ढकललं. ते चिंचोळ्यात मावेना, ते गोठ्यांतून वर आलं. दुपारी, लख्ख उजेडात, ना गर्जना ना लाट. घरात मांजर यावं तसं.

महानंदा गोठ्यात पोचली तेव्हा पाणी तिच्या मांडीला होतं. रंभीच्या दाव्याची गाठ भिजून फुगली होती. म्हैस मान हिसडत होती, गाठ आणखी आवळत होती. नखं तुटली तरी सुटेना. म्हणून ती विळ्यासाठी घरात पळाली. विळा दाराच्या मागं खुंटीला असतो, बारा महिने तिथंच असतो. त्या दिवशी तिथं तिसरा ड्रम उभा होता, काठोकाठ भरलेला. तो हलेना आणि त्याच्या मागच्या खुंटीला हात पुरेना. तेवढ्यात पाणी उंबऱ्यावर चढलं, दाजींनी तिला दंडाला धरून ओढत माळावरच्या शाळेत नेलं. तिथून रंभीचं ओरडणं ऐकू येत होतं, असं दाजी सांगतात. महानंदा सांगत नाही.

मी पोचलो तिसऱ्या दिवशी. गाळाचा वास कुठल्याच वासासारखा नसतो. ओल्या धान्याचा, डिझेलचा, मेलेल्याचा असा एकत्र. भिंतींवर छातीच्या उंचीला तपकिरी रेघ. दोन ड्रम आडवे पडून चिखलानं भरलेले. तिसरा, दारामागचा, कोपऱ्यात घट्ट बसलेला, घट्ट फिरकीच्या झाकणाला वरून दोरी बांधलेला, उभा. दोरी सोडली तर आत स्वच्छ पाणी. सगळ्या गल्लीत प्यायला तेवढंच. टँकर येईपर्यंत दोन दिवस शेजारपाजारची पोरंबाळं ते पाणी प्याली. महानंदा पेल्यानं मोजून देत होती. तिनं स्वतः त्यातला घोटही घेतला नाही. मी पेला पुढं केला तर तोंड फिरवून म्हणाली, “मला तहान न्हाय.”

आणि बारशाच्या गोष्टीत मी ह्याच ड्रमावर हशा घेतला.

त्याच दिवशी गावात गाड्या आल्या होत्या. पांढऱ्या कपड्यांतले, खाकी कपड्यांतले, तोंडाला रुमाल बांधलेले. पायातला बूट चिखलात रुतू नये म्हणून एकजण विटांवरून चालत महानंदाच्या ओट्यापर्यंत आला आणि म्हणाला, “पूर्वसूचना दिली होती ना?”

“दिली हुती की.”

“मग?”

त्या ‘मग?’ला मी वर्षभर उत्तर देतोय. आंघोळ करताना, स्कूटरवर, पेपर तपासताना. मग? मग तुमचं डोकं! सूचना दिली म्हणता, कुणाला दिली? धरणाच्या भाषेत धरणानं धरणाला दिली. त्यात पाणी किती सुटलं ते होतं. कुणाच्या गोठ्यात किती वाजता शिरेल ते नव्हतं. तिनं विचारलं होतं की, कुठवर येईल म्हणून. तुम्हाला विचारायला नंबर नव्हता, म्हणून एका मास्तराला विचारलं, आणि तो गाढव निघाला. ओढ्यावर नळ्या टाकताना कुणी विचारलं नव्हतं, पाणी फुगलं तर जाईल कुठं? भराव टाकताना नारळ फोडायला माणसं होती, फोटो होते. म्हैस ओढून काढायला दावणीशी कोण होतं? संध्याकाळी बातम्यांत सगळे म्हणाले, नैसर्गिक आपत्ती. निसर्गाचा कोप. बिचारा निसर्ग, त्याला वकील नाही. पाऊस निसर्गानं पाडला, कबूल. ओढा बुजवला तो निसर्गानं? त्या नळ्यांचं टेंडर काय ढगांनी भरलं होतं?

रागाच्या भरात हे सगळं मी शिक्षकखोलीत बोललो तेव्हा शेजारचे गणिताचे सर शांतपणे म्हणाले, “मास्तर, तुमचा प्लॉट कुठंय?” माझा प्लॉट जुन्या ओढ्याच्या भरावावर आहे. घेताना मला ठाऊक होतं. उतार बघून पाण्याची वाट ओळखायला मी दरवर्षी पोरांना शिकवतो. पण कोपऱ्याचा प्लॉट होता, पूर्वेकडं तोंड होतं, आणि शाळा जवळ होती. दरवर्षी ह्याच दिवसांत माझ्या घराखाली घोटाभर पाणी साठतं, आणि मी गॅलरीत उभा राहून महापालिकेला शिव्या देतो. माझा राग असा आहे. तो कुठंही सोडला तरी फिरून माझ्याच दारात येतो.

माझी मुलगी श्रेया बाहेरगावी आपत्तींचा अभ्यास करते. म्हणजे पाऊस किती पडला ह्याचा नव्हे. पाऊस पडल्यावर माणसं कशी वागली, कुणाचं घर कुठं होतं आणि का होतं, ह्याचा. सुरुवातीला मी तिला चिडवायचो, “आपत्तीचाच अभ्यास करायचा तर घर सोडून कशाला गेलीस? बाप होता की.” ती म्हणायची, “बाबा, नुसता पाऊस म्हणजे आपत्ती नाही. पाऊस हा धोका. त्याची आपत्ती आपण करतो.” हे वाक्य मी लगेच उचललं आणि माझं म्हणून दोन ठिकाणी वापरलं.

गेल्या महिन्यात, पंचमी होऊन गेल्यावर, ती प्रश्नावल्यांचा गठ्ठा घेऊन आली. पूर आलेल्या गावांत घरोघर जाऊन भरायच्या. “आत्यापासून सुरुवात करते,” म्हणाली. “तुम्ही येताय?” मला जायचं नव्हतं. गेलो. एसटीच्या खिडकीतून सीना दिसली, खडकांमधून वाट काढत, गुडघाभर, अंगणात खेळणाऱ्या पोरीसारखी निष्पाप. मला तिचाही राग आला.

महानंदानं भाचीला जवळ घेतलं, तोंडावरून हात फिरवला. मला म्हणाली, “बसा.” तू नाही, तुम्ही. बहिणीनं भावाला तुम्ही म्हणणं काय असतं ते ज्याला बहीण आहे त्याला विचारा. मग चहा आणला आणि म्हणाली, “पिशवीच्या दुधाचा हाय. गोड मानून घ्या.” मागं गोठा रिकामा होता. खुंट्याला मागाहून कापलेल्या दाव्याचा वेढा तसाच होता.

शेजारच्या कलाव्वा चौकशीला म्हणून आल्या आणि ओट्यावर टेकल्या. श्रेयानं कागद मांडीवर घेतला.

“आत्या, पूर्वसूचना मिळाली होती?”

“मिळाली हुती.”

“कशावर?”

“मोबाईलवर.”

“सूचना मिळाल्यावर पहिली कृती काय केलीस? सुरक्षित जागी गेलीस, जनावरं हलवलीस, कागदपत्रं घेतलीस, का काही केलं नाहीस?”

“पाणी भरलं.”

श्रेयानं पर्याय पुन्हा चाळले. “तसा पर्याय नाहीये गं. ‘इतर’मध्ये टाकते. कारण काय लिहू?”

महानंदानं माझ्याकडं पाहिलं नाही. पदरानं ओट्यावरची नसलेली धूळ झटकली. “सवय,” म्हणाली. “लिव, सवय हुती म्हनून.”

खाली कारणांचे रकाने होते. त्यात एक होता, ‘जागरूकतेचा अभाव’. पोरीचं पेन तिथं टेकलं.

“खबरदार!” मी ओरडलो. “जागरूकतेचा अभाव? हिच्यात? दुष्काळात सगळ्या गावाची जनावरं विकली गेली तेव्हा हिनं म्हैस जगवली. अभाव तुमच्या कागदात आहे! जागरूकता म्हणजे काय, क्युसेक पाठ असणं? तुमची ही प्रश्नावली काढणाऱ्यांना विचार, त्यांच्या घराला पायऱ्या किती ते त्यांना तरी...”

“अण्णा,” महानंदा म्हणाली. सात महिन्यांनी पहिल्यांदा. “तू का वरडतोस? तुला कुणी इचारलंय व्हय?”

कलाव्वा माझ्याकडं बघत होत्या, मुलगी बघत होती. ओरडणं सोपं होतं, ओरडण्यात मी कुठंच नव्हतो. मी चष्मा काढला, उगीच पुसला.

“सवय नव्हे,” मी म्हणालो. “मी सांगितलं होतं. फोनवर. बाकीचं सोड, आधी पाणी भरून ठेव, असं मी म्हणालो होतो.”

श्रेयाचं पेन हवेत राहिलं. “बाबा? बारशाला तुम्ही ही गोष्ट सांगितलीत, मी तिथंच होते.”

“हो.”

“सात म्हैने लागले व्हय रे एवढं बोलायला?” महानंदाचा आवाज चढला नाही. तिनं हातातली कपबशी खाली ठेवली. “म्हस गेली ती गेली. तुला तरी कुटं ठावं हुतं पाणी मागनं येईल म्हनून? मला बी न्हवतं. चूक झाली तर झाली. पन भर पंगतीत सगळ्यास्नी हसीवलास, आन त्या गोष्टीत तू कुटंच न्हवतास. फोन उचलनारा मानूसच न्हवता. मी आपली येकटीच येडी, पुरात हंडे घासनारी. मी दारात हुबी ऱ्हाऊन वाट बगत हुते, आता सांगंल, आता सांगंल. तू पान खाल्लंस.”

“महानंदा...”

“थांब. अजून झालं न्हाय. हितं कागदावर बी मी तुला झाकलं की रे. आन तू पोरीवर वरडतोस!”

कलाव्वा हळूच कन्नडमध्ये म्हणाल्या, “बिडु,” मग मराठीत, “जाऊ दे आता,” तर महानंदानं त्यांच्याकडं असं पाहिलं की त्या पुन्हा चहाकडं वळल्या.

श्रेयानं ‘सवय’ खोडलं. सल्ला देणाऱ्यासाठी रकाना नव्हता, म्हणून समासात लिहू लागली. नातेवाइकाचा सल्ला, असं काहीतरी.

“नाव लिव त्याचं,” महानंदा म्हणाली.

“आत्या, नावं लिहीत नाहीत गं. कुणाचंच नाही. नियम आहे, माणसांची ओळख द्यायची नसते.”

“आन नुकसान कुटं लिवलंस?”

श्रेयानं पान उलटून दाखवलं. दुधाळ जनावर, मोठे, एक.

महानंदा त्या ओळीकडं बघत राहिली. तिला वाचता येतं. सातवीपर्यंत मीच तिचा अभ्यास घेतला होता, पट्टी मारून. “ती काय मानूस न्हवती,” म्हणाली. “मग तिचं तरी नाव लिवाय काय हरकत हाय?”

माझ्या पोरीनं नियम काय म्हणतो ते पाहिलं नाही. एकच्या पुढं कंसात लिहिलं, रंभी. महानंदानं बोट ठेवून वाचलं, मग कागद तिच्याकडं परत सरकवला.

“आता तू,” ती मला म्हणाली. “सांग.”

“काय?”

“गोष्ट. लई हौस हाय न्हवं तुला? कलाव्वास्नी ठावं न्हाय. सांग पयल्यापासनं. फोनापासनं.”

मी सांगितली. नक्कल केली नाही, पदर खोचला नाही. शिक्षकखोलीत ऐकायला चार लोक होते हे सांगितलं. माहीत नाही म्हणवलं नाही, हे सांगितलं. चहा चांगला झाला होता, हेही सांगितलं. दाव्याच्या गाठीशी आलो तेव्हा महानंदा उठून आत गेली आणि ते संपल्यावर बाहेर आली. विळ्याची खुंटी मला सांगता येईना. ती तिनंच सांगितली, दोन वाक्यांत. इतकी वर्षं गोष्टी सांगतोय, ऐकणारं कुणी हसलं नाही अशी ही पहिलीच. मधेच थांबलो की महानंदा म्हणायची, “फुडं.” वर्गात अडकलेल्या पोराला मी म्हणतो तसं.

संपली. कलाव्वांनी कप खाली ठेवला आणि हिशोब लावल्यासारखा चेहरा करून माझ्याकडं वळल्या.

“मंजे मास्तर, आमी सगळी दोन दिस ज्ये पाणी प्यालो, त्ये तुमच्या सांगन्यानं व्हय?”

मी मान खाली घालून ‘हो’ म्हणणारच होतो. त्या ‘हो’ला थोडं पुण्य चिकटणार होतं, आणि सांगायला लाज वाटते, ते मला त्या क्षणी चांगलं ठाऊक होतं.

“सांगितलं त्यानं,” महानंदा म्हणाली. “भरलं मी.”